ग्रहणातली माशी

आमची धाकटी जाऊ सुला कॉलेजात माश्यांचा स्वयंपाक करायची. खोटं नाही सांगत! पिकल्या केळ्यावर घोंघावतात ना, त्या बारक्या माश्या, तिथं प्रयोगासाठी पाळलेल्या. मक्याचं पीठ नि गूळ शिजवून त्यांच्या बाटल्या भरायच्या, वर कापसाचं बूच लावायचं. मी चिडवायची, "घरात माश्या कमी आहेत का गं?"

ऐंशी सालच्या ग्रहणात तिला सहावा महिना होता. सासूबाईंनी बजावलं होतं, पोटुशीनं ग्रहणात काही कापायचं नाही, कोपऱ्यात बसायचं. पण माश्यांना कसली सुट्टी! बाईसाहेब कॉलेजात गेल्या, ऐन ग्रहणात कातरीनं कापूस कापून बुचं करून आल्या. वर घरी येऊन स्वतःच सांगितलं! सासूबाईंनी कपाळ बडवलं. "आता पोराचं काय तुटकं निघेल, देव जाणे."

सुला हादरली. तिच्या कॉलेजातल्या मॅडमनी समजूत काढायला, ग्रहणात बुचं लावलेल्या त्याच बाटल्यांत जन्मलेल्या माश्या तिला भिंगाखाली दाखवल्या. माशीच्या पाठीवर केस असतात, प्रत्येक केसाखाली नस. कातडीतली एक पेशी म्हणे शेजारणींना गप्प बसवते, मग तिच्या एकटीपासूनच केसही होतो नि नसही. आमच्या सासूबाईंच्याच वळणाची दिसते मेली! मॅडमनी पाठीवरचा केस जरासा हलवला, तर माशीनं पाय उचलून तिथंच पुसलं. म्हणजे तिला कळलं.

पण एका माशीच्या पाठीवर एका जागी केसच नव्हता. तिथं टोचलं तरी ती ढिम्म.

"ग्रहणामुळं?" सुलानं विचारलं.

"नाही गं. एरवीच्या बाटलीतही अशी एखादी निघते."

"मग कशामुळं?"

"ते अजून नीट कळलेलं नाही."

घ्या! सासूबाईंना सगळं माहीत, मॅडमना माहीत नाही, आता खरं कुणाचं धरायचं? सुला मला विचारायची, मी तिला. दोघींच्या डोक्याचा नुसता भुगा.

मे महिन्यात मुलगी झाली. हात, पाय, ओठ, सगळं जागच्या जागी. तरी सुलानं आपल्या डोक्याचा एक केस उपटला नि बाळाच्या तळपायावरून फिरवला. पोरगी हलेना. पुन्हा फिरवला, तसा तिनं पाय आखडला नि असा टाहो फोडला! सुला हमसून हमसून रडली, मीही रडले.

"देवीनं राखली," सासूबाई म्हणाल्या.

सुलानं माझा हात धरला. "अक्का, मग त्या माशीनं कुणाचं काय वाईट केलं होतं?"

मी पोरीचा पाय पदराखाली घेतला.