कासाबाईची एकच तबकडी

बोरीत माझं चहाचं हाटेल, आणि अख्ख्या गावात गाण्याच्या तबकड्या वाजवायचा फोनो एकट्या माझ्याकडं. तरी कासाबाईला मी गायिका म्हणलं की लोक हसायचे. "ती मेंढरं वळणारी?" अरे, हसता काय! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगी न्हाई. पहाटं ती दळायला बसली की तिच्या ओव्या ऐकता ऐकता माझं दूध उतू जायचं.

चौपन्न साली एकदा हाटेलापुढं थांबून तिनं फोनोकडं बोट करत इचारलं, "बन्सीधर, हे लांबच्या माणसाला ऐकू जातं का रं?"

"तबकडी वाजंल तिथं जातं, मावशी. सोनपेठच्या बाजारातबी हाय की फोनो."

सोनपेठचं नाव मी मुद्दाम घेतलं. तिची एकुलती लेक कडू तिथं दिलेली. लग्नात मानपानावरून तकरार झाली, आणि सासूनं तीन वर्षं पोरीला माहेरी धाडलंच न्हाई. मावशी दोनदा गेली, दोन्ही बारी दारातूनच माघारी आली.

मुंबईची एक कंपनी हैद्राबादला येऊन बायकांची गाणी भरून घ्यायलीय, असं मला तबकड्या विकणारा व्यापारी बोलला होता. मावशीला घेऊन गेलो. तबकडीची एकच बाजू तिची, तीन मिनिटांची.

जात्याबिगर तिचा गळा उघडंना. कंपनीच्या साहेबानं कुठून तरी जातं आणवलं, तर त्याच्या घरघरीनं गाणंच ऐकू येईना. शेवटी नुसता हात हवेत फिरवीत गायला लागली. पहिली ओवी पोखर्णीच्या नरसिंहाला. मग खंडोबाला, बिरोबाला, मग गावोगावच्या देवांना. जात्यावरची रीतच ती. देवाआधी लेकराचं नाव घ्यायचं न्हाई. तीन मिनिटं संपली, लेकीची ओवी आलीच न्हाई!

साहेब म्हणाले, "आता एकच कोरी तबकडी आहे. देव वगळा."

मीबी खेकसलो, "मावशी, देवाला काय कमी हाय? रोज गातीस की!"

"देवाला डावलून गायले आन् पोरीला काय झालं म्हंजे?" मावशी म्हणाली. मला माझीच लाज वाटली.

तिनं नरसिंहाला हात जोडले. मग पदर खोचला. "रुसला तर माज्यावर रुसंल," म्हणाली आणि थेट सुरू केलं:

"सोनपेठच्या बाजारात, सांगा कुणी माज्या कडूला,
तीन पंचमी गेल्या बाई, झोका रिकामा झाडाला..."

तबकडी निघाल्यावर सोनपेठच्या बाजारातल्या फोनोवाल्या हाटेलात मीच नेऊन दिली. बाजारच्या दिवशी ती चार-चार बारी वाजायची, आणि कडूच्या सासूला बघून बाया तोंडाला पदर लावायच्या. पंचमीच्या आदल्या दिवशी सासूबाई स्वतः पोरीला घेऊन बोरीत हजर!

"घ्या तुमची लेक, आन् ते गाणं बंद करा. बाजारात तोंड दाखवायची सोय न्हाई राहिली."

कडू आईच्या गळ्यात पडली. "आये, बाजारात तुजा आवाज आला, आन् मिठाची पुडी हातात घेऊन मी तिथल्या हाटेलापुढं उभीच राहिले गं." मी आपला उगीच छपराकडं बघत बसलो. रडायला आलं होतं, दुसरं काय!

त्याच आठवड्यात कंपनीचं कार्ड आलं. तबकडी लय खपली, दुसरी भरायला या. मी नाचतच तिच्या घरी गेलो. मायलेकी समोरासमोर बसून दळायल्या होत्या. गप्पांना नुसता ऊत. ओवी एकबी न्हाई. कार्ड वाचून दाखवलं, तरी मावशीनं जातं थांबवलं न्हाई.

"लेक घरात हाय, खुळ्या," ती म्हणाली. "आता गाऊ कुणाला?"