बाबाच्या ओठांतला डोळा

रेवतीला पाजता पाजता माझ्याच पापण्या जड होतात. दुपारचे अडीच वाजलेत. तिचं डोकं माझ्या डाव्या दंडावर आहे, ओठ अजून हलतायत, पण दूध ओढणं थांबलंय. आता हात काढला तर उठेल, म्हणून काढत नाही. उशीपलीकडे बाबाचा पत्र्याचा डबा उघडाच राहिलाय. त्यात कलमं बांधायचा त्याचा चाकू, धार लावायचा दगडाचा तुकडा आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची एक जुडी. पाच वाजता कुरिअरवाला येणार आहे.

डबा संत्र्याच्या संग्रहालयात जायचाय. आमच्या तालुक्याच्या गावी ज्या शेडमध्ये पूर्वी संत्री पेट्यांत भरायचे, तिथे ते येत्या रविवारी उघडतंय. तिथल्या इंगोले मॅडमनी पाटीचा मजकूर करून ठेवलाय: शेषराव ढोमणे, कलमं बांधणारे. त्याखाली त्याच्या तोंडचं एक वाक्य हवंय त्यांना. आठवडाभर फोन करतायत. आज डब्यासोबत वाक्य पाठवाच, नाहीतर ती ओळ कोरी जाईल, म्हणाल्या.

आणि मला बाबाचं एकही वाक्य आठवत नाही.

बोलणार कधी? त्याचं सगळं आयुष्य नर्सरीत जंभेरी लिंबाच्या रोपांसमोर उकिडवं बसण्यात गेलं. संत्र्याच्या काडीवरून डोळा काढायचा, म्हणजे सालीसकट एक बारीकसा कोंब. त्याचं देठ ओठांत धरायचं, वारं लागून सुकू नये म्हणून. तोवर हातांनी जंभेरीच्या खोडावर चीर द्यायची, साल उचलायची, मग डोळा आत सरकवून वर पट्टी गुंडाळायची. दिवसाला हजार रोपं. ओठांत सतत डोळा, त्यामुळे माझ्या सगळ्या प्रश्नांना त्याचं उत्तर नाकातून यायचं. हं म्हणजे हो. हंहं म्हणजे नाही. लांबलचक हंऽऽ म्हणजे हसतोय. मला ते पुरायचं.

मागच्या वर्षी तो दवाखान्यात होता तेव्हा मला आठवा महिना संपत आलेला. डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं. दादाने व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तेव्हाही मीच बोलत होते. दादाच्या फोनमध्ये त्याचा कलमं बांधतानाचा चार मिनिटांचा व्हिडिओ आहे. काल पुन्हा पाहिला. चार मिनिटांत एक शब्द नाही.

त्याचा आवाज जाड होता, असं मला वाटतं. पण खात्रीने सांगता येत नाही.

पंखा घरघरतोय. मग तो दूरच्या विहिरीवरच्या मोटारीसारखा घरघरतो. मग ती मोटारच असते, आणि मी शेडच्या दारात उभी आहे. रेवती दंडावर तशीच आहे, झोपलेली. दारात इंगोले मॅडम बसल्यात. तिकीट देत नाहीत, संत्र्याच्या सालीचा तुकडा माझ्या मनगटावर पिळतात. बारीक फवारा उडतो, डोळ्यांना झोंबतो. जा आत, म्हणतात.

आत बरण्यांच्या रांगा. सालीचं तेल, मुरंबा, बर्फी, औषधाच्या बाटल्या. एका बरणीत वाळवलेल्या सालींची पूड, रेवतीच्या आंघोळीच्या पिठात घालते तीच. बरणीला हात लावला तर ती कोमट लागते. पुढे लाकडी पेट्या मांडल्यात, तणस भरून. शेवटच्या पेटीत तणसावर चार वर्षांची एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन झोपलीय. तिचा पिवळा फ्रॉक मी ओळखते, खांद्याशी उसवलेला. तिला उठवत नाही. उठली तर बाबा कुठेय विचारेल.

समोर मोठी काच आहे. मी हात लावते, तर ती काच नसतेच, पाटाचं पाणी असतं, आणि माझे पाय घोट्यापर्यंत त्यात आहेत. हिरव्या जाळीतून ऊन खाली येतंय. दोन्ही बाजूंना जंभेरीची रोपं, काट्यांची, गुडघ्याएवढी. मधे पोत्यावर बाबा बसलाय. ओठांत डोळ्याचं देठ.

"बाबा."

"हं."

जणू मी चहा घेऊन आलेय. मी त्याच्याजवळ उकिडवी बसते आणि बोलत सुटते, नेहमीसारखी. ही रेवती, म्हणते. तू गेल्यावर एकोणीस दिवसांनी झाली. कान तुझे आहेत, वरून जरा दुमडलेले, दादा म्हणतो बिचारीला तेवढंच मिळालं. बाबा मान वाकडी करून तिचे कान बघतो. हंऽऽ, लांबलचक.

मग मी कामाचं काढते. म्हणते, तुझी पाटी होतेय. चाकू काचेत ठेवणार आहेत. एक वाक्य दे मला. काहीही चालेल. चांगलं नसलं तरी चालेल.

"हंहं."

"असं नको ना करू. पाचला माणूस येणार आहे."

तो पुढच्या रोपाकडे सरकतो. मीही सरकते. चीर, साल, डोळा, पट्टी. पुढचं रोप. काडीवरून नवा डोळा ओठांत. चीर, साल, डोळा, पट्टी. मला राग यायला लागतो, लहानपणी यायचा तसा, पायाची बोटं चिखलात रुतवावीशी वाटतात. म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघायचं सोडते आणि हातांकडे बघते.

पट्टीचं टोक तो डाव्या अंगठ्याने दाबतो. खालून वर दोन वेढे, टोक त्यांच्याखाली गडप होतं. डोळा उघडा सोडून वरून आणखी एक वेढा, उरलेली शेपटी त्यात खोचून ओढली की झालं. श्वास घ्यायच्या आत झालं. पुढचं रोप.

त्याच्या मागे रांगाच रांगा आहेत, जाळीच्या पार टोकापर्यंत. प्रत्येक खोडावर पांढरी पट्टी. सगळ्या त्याने एकट्याने बांधल्यात.

पण मी तर असायची तिथे. शाळेत जायला लागायच्या आधी रोज. तो पट्टीचा पहिला वेढा घ्यायचा आणि मी त्यावर बोट दाबून धरायची, सुटू नये म्हणून. मग तो पुढचा वेढा घ्यायचा आणि मी बोट काढायची. कधी काढायला उशीर व्हायचा आणि बोट खोडासकट बांधलं जायचं. मग पूर्ण पट्टी सोडवून पुन्हा बांधायची. त्याचा केवढा खोळंबा व्हायचा. मी गावभर सांगायची की बाबाची कलमं माझ्याशिवाय होत नाहीत.

"बाबा, अंगठ्याने धरता येतं तुला."

"हं."

"आधीपासून येत होतं?"

"हं."

"मग माझं बोट कशाला लागायचं?"

तो थांबतो. ओठांतला डोळा काढून तळहातावर घेतो. हे त्याने काम करताना कधी केलेलं नाही. डोळा ओला आहे, हिरवा, गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. तो दुसऱ्या हाताची ओंजळ त्यावर धरतो, वारं लागू नये म्हणून, आणि माझ्याकडे बघतो.

"चार वर्षांची होती वं तू," म्हणतो. "दुसरं काय येत होतं तुले?"

आवाज जाड नाही. बारीक आहे, शेवटाला थोडा चिरकतो. हाच. हाच होता.

शेडमधल्या पेट्यांकडून कुणी तरी मला हाक मारतंय. किंवा दवाखान्याच्या व्हरांड्यातून, कारण पाटाच्या कडेला आता बाकडं आहे आणि त्यावर बाबाची चप्पल काढून ठेवलीय. मी तिकडे बघत नाही. बाबा तळहातावरचा डोळा सालीखाली सरकवतो, पट्टीचा पहिला वेढा घेतो, आणि अंगठा बाजूला करतो.

"बोट ठेव."

मी उजव्या हाताची तर्जनी ठेवते. पट्टी खोडावर थंड लागते. तो वेढा घेतो. एक. खालून वर. पट्टी माझ्या बोटावरून जाते. दोन. आता तो म्हणेल, काढ. प्रत्येक वेळी म्हणायचा. बोट ठेव, मग काढ. दिवसभर हेच, एवढंच. तो शेपटी हातात घेऊन थांबलाय. ओठ मोकळे आहेत त्याचे. दंडावर रेवती हलते.

"बाबा, काढू?"

तो ओठ मिटून हसतो.

"हंहं."

पंखा घरघरतोय. छताचा पांढरा रंग. रेवती माझ्या दंडावर, तोंड उघडं, हनुवटीवर दुधाचा थेंब. पावणेपाच वाजलेत. डावा हात बधिर झालाय, म्हणून उजव्याने तोंडावरून हात फिरवायला जाते आणि गालाला काही तरी गुळगुळीत लागतं.

तर्जनीवर पट्टी आहे. पांढरी. तीन वेढे, खालून वर, शेपटी शेवटच्या वेढ्यात खोचून ओढलेली. नखाखालची जागा उघडी सोडलीय.

डबा उशीपलीकडे तसाच आहे. झोपेत मीच केलं असेल, असं मनाशी म्हणते. मग जुडीतून दुसरी पट्टी ओढून उजव्याच हाताच्या मधल्या बोटावर बांधून बघते, त्याच हाताने, डावा रेवतीखाली आहे. दोनदा. पहिला वेढाही टिकत नाही. धरायला कुणीतरी लागतं.

ती दुसरी पट्टी जुडीत परत ठेवते. फोन घेऊन अंगठ्याने मॅडमना लिहिते: बोट ठेव.

त्यांचं लगेच येतं, एवढंच?

एवढंच, मी लिहिते. दिवसाला शंभरदा म्हणायचे.

चाकू धारेच्या दगडाशेजारी ठेवून डबा बंद करते. खाली बेल वाजते. त्या आवाजाने रेवती दचकते, पण रडत नाही. डोळे मिटूनच हात हवेत फिरवते, चाचपडते, आणि माझी पट्टी बांधलेली तर्जनी मुठीत घट्ट धरते.

बेल पुन्हा वाजते. कुरिअरवाला थांबेल जरा. मी बोट काढत नाही.