बदललेली तारीख टिकेना

भाऊजी म्हणजे धाकटीच्या ताईचे यजमान. त्यांनी शब्द टाकला म्हणून तिला ते होते त्याच सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, आणि ती भाऊजी म्हणते म्हणून ते साऱ्या ऑफिसचेच भाऊजी झाले. साहेबसुद्धा तसंच म्हणायचे. आता काय बोलणार! धाकटीचा त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास. वर्ष भरत आलं, नोकरीत कायम व्हायची वेळ आली, आणि नेमकी तेव्हाच डोळ्यांच्या दवाखान्याची तक्रार आली.

पेशंटची तारीख बदलायची स्क्रीन धाकटीने लिहिली होती. नवी तारीख टाकून सेव्ह दाबलं की 'जतन झाले' असं झळकायचं. पान पुन्हा उघडलं की जुनीच तारीख हजर! एरर नाही, कुरकुर नाही. डोळ्यावर पट्टी बांधलेली म्हातारी माणसं नको त्या दिवशी येऊन बाकावर ताटकळत होती.

"या आठवड्यात निस्तर, नाहीतर कायम व्हायचं विसर," साहेब म्हणाले.

तिने आधी दवाखान्यातल्या रिसेप्शनवालीचं डोकं खाल्लं, मग स्वतःचं. भाऊजींना विचारलं, तर ते चहा ढवळत म्हणाले, "सेव्हची ओळ नीट बघ गं. घाई करतेस तू." ती ओळ तिने इतक्यांदा बघितली की स्वतःच्या अकलेचीच शंका यायला लागली.

ऑफिसात सगळे वापरत ती लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा संच, डेटाबेसमधली नोंद काढून हातात द्यायची, तिच्यावर नजर ठेवायची आणि सेव्ह म्हटलं की बदललेलं तेवढं परत लिहायची. शेवटी धाकटीने लायब्ररीलाच विचारून पाहिलं, तुझ्या मते काय बदललंय? उत्तर आलं, काहीच नाही. म्हणजे नजरच बंद होती! वेग वाढावा म्हणून भाऊजींनी सगळ्यांच्या सामाईक फाइलमध्ये एक ओळ घालून ती नजर बंद केली होती. त्याच वेगासाठी मीटिंगमध्ये त्यांची पाठ थोपटली गेली. टाळ्या वाजवण्यात धाकटी सगळ्यांत पुढे. तेही एक वेळ चाललं असतं. पण बंद केली त्याच दिवशी त्यांनी आणखी एक ओळ घालून एका स्क्रीनपुरती नजर पुन्हा चालू केली होती. स्वतःच्या. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मग रडूच आलं.

"तुम्हाला माहीत होतं, भाऊजी. मी विचारायला आले तेव्हाही माहीत होतं."

"अगं, सांगायचं राहून गेलं," ते इकडेतिकडे बघत म्हणाले. "आता साहेबांपुढे वाढवू नकोस. ताईला किती लागेल, बघ."

ताईचं नाव काढल्यावर धाकटी गप्प बसली. आपल्या स्क्रीनसाठी तिने नजर चालू करायची तीच ओळ घातली, तारीख टिकली. साहेबांनी मात्र चूक तिचीच धरून कायम करायचं वर्षभर पुढे ढकललं.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

"एवढी कशी गं वेंधळी तू? तुझी चूक ह्यांनी निस्तरली म्हणून नोकरी तरी वाचली. थांब, हे इथेच आहेत. निदान आभार तरी मान त्यांचे."

तेवढ्यात मागून भाऊजींचा आवाज आला, "राहू दे गं, आभार कसले? घरचीच तर आहे."