चौथ्या मजल्यावरची आंघोळ

पहिलं नाव शोभाताईंचं. त्या आमच्या हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर, राहणार भिवंडीजवळच्या शेलार गावात. त्या दिवशी त्या दार न वाजवता ४०७ नंबरच्या खोलीत आल्या नसत्या, तर मी आज भिवंडीत नसतो. माझ्या गावी, किनवटला परत गेलो असतो आणि शहर आपल्याला मानवलं नाही, असं चारचौघांत सांगत बसलो असतो. म्हणून आधी नाव लिहिलं. आता काय झालं ते सांगतो.

दुपारचा एक वाजला होता. मी ४०७ मध्ये जमिनीवर पेपर पसरून डबा खात होतो. शेजारी गादीवाली खुर्ची होती, काचेचं टेबल होतं, पलंग तर असा की त्यावर हात ठेवायचीसुद्धा भीती वाटावी. मी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. सकाळी नऊपासून एकदाही कुठे टेकलो नव्हतो.

ताई आत आल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"हे काय चाललंय रे?"

"जेवतोय ताई."

"ते दिसतंय. खाली का?"

"खुर्ची नवी आहे."

"मग? बसायची हाय, का तिला हार घालायचाय?"

मी इथे काय करत होतो ते आधी सांगायला हवं. आमचं हॉटेल बायपासला. एका बाजूच्या खिडक्यांतून काल्हेरकडचे गोडाऊनचे पत्रे दिसतात, दुसरीकडून कापडाच्या पॉवरलूमची खटखट ऐकू येते. पाहुणे म्हणजे गोडाऊनवाल्या कंपन्यांचे साहेब, कापडाचे व्यापारी आणि लग्नाची वऱ्हाडं. त्या वर्षी चौथ्या मजल्याचं रिनोव्हेशन निघालं. हॉटेल बंद ठेवणं परवडत नाही, म्हणून खालच्या तीन मजल्यांवर पाहुणे आणि त्यांच्या डोक्यावर तोडफोड. रिसेप्शनवरून दर तासाला फोन, "ड्रिल बंद करा, ३०४ चे साहेब मीटिंगमध्ये आहेत." ड्रिल बंद व्हायचं. साहेबांची मीटिंग संपली की परत सुरू.

खोली तयार झाली की लगेच पाहुण्याला देत नाहीत. आधी मेंटेनन्सचा एक माणूस दिवसभर त्या खोलीत राहतो, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. पाहुणा जे जे करेल ते सगळं करून बघायचं. दिवे, एसी, टीव्ही, नळ, फ्लश. याला ट्रायल स्टे म्हणतात. मग हँडओव्हर शीटवर आधी मेंटेनन्सची सही, नंतर हाउसकीपिंगची. दोन सह्या झाल्या की खोली पास.

मी मेंटेनन्समध्ये प्लंबर होतो. आठवीनंतर शाळा सोडली, चुलतभावाच्या ओळखीने इथे आलो. एजन्सीच्या कॉन्ट्रॅक्टवर होतो आणि त्या महिन्यात मला हॉटेलच्या पगारावर घ्यायचं की नाही ते ठरणार होतं. माझा स्वभाव भित्रा. गॅस बंद केला का ते बघायला टेमघरच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर दोनदा परत जाणारा माणूस मी. अशा माणसाला पाच हजारांच्या खोलीत एकटं सोडलं की तो काय करणार? जमिनीवरच बसणार.

"ऊठ," ताई म्हणाल्या. "आमच्या बापानं घरात पहिली खुर्ची आणली तेव्हा आम्हा सगळ्यांना पाळीपाळीनं त्यावर बसवलं होतं. रडणाऱ्यालासुद्धा. बस."

मी बसलो. अर्धाच.

"नीट बस. पाठ टेकव."

मी पाठ टेकवली. ताई बाथरूममध्ये गेल्या. आतून आवाज आला, "टॉवेल कोरडे कसे?"

"वापरले नाहीत."

"आणि शॉवरखाली ही बादली कशाला?"

आता हे ऐका, कारण सगळं या बादलीवर अडलेलं आहे. आमच्याकडे शॉवर तपासायची एक पद्धत पडली होती. शॉवरखाली बादली ठेवायची, एक मिनिट पाणी सोडायचं, गरम येतं का, गार येतं का बघायचं आणि बंद करायचं. का? तर नवी लादी ओली होऊ नये. ओली झाली की पाण्याचे डाग पडतात आणि हाउसकीपिंगच्या बाईला परत पुसावी लागते. तिला त्रास नको, खोली खराब नको. शिवाय पाहुण्याच्या बाथरूममध्ये आपण आंघोळ करायची, ही कल्पनाच आमच्यापैकी कुणाच्या मनाला शिवली नव्हती. आम्ही सगळे घरी बादली-तांब्यावर आंघोळ करणारे.

ताई बाहेर आल्या. "तू आंघोळ केली न्हाय?"

"नाही."

"४०१, ४०२, ४०३? तिथं सही कुणाची हाय?"

"माझी."

"तिथं केली होतीस?"

मी डब्याचं झाकण लावायला घेतलं.

"पाहुणा काय बादलीत पाय घालून उभा राहणार हाय का? शुक्रवारी लग्नाचं वऱ्हाड येतंय. पूर्ण मजला बुक हाय. जा, आंघोळ कर. चांगली वीस मिनिटं. साबण फोड, शॅम्पू फोड, टॉवेल भिजव. मी बाहेर हाय."

मी आत गेलो, दाराची कडी तीनदा तपासली आणि शॉवर सोडला. इतकी वर्षं लोकांचे शॉवर बसवले, पण त्याखाली उभा तो पहिल्यांदा. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. पाच मिनिटं. सहाव्या मिनिटाला बघितलं तर पाणी दाराशी साचत होतं. मला वाटलं जाळीवर साबणाचं वेष्टन अडकलं असेल. जाळी मोकळी होती. दहाव्या मिनिटाला पाणी दाराखालून बाहेर निघालं.

"अरे बंद कर, बंद कर!" बाहेरून ताई ओरडल्या. "पलंगाखाली आलं!"

टॉवेल गुंडाळून दार उघडलं. पाणी लाकडी फिनिशच्या फरशीवरून सरळ टेबलाकडे चाललं होतं. टेबलाखाली जमिनीत बसवलेला झाकणाचा प्लगपॉइंट होता, लॅपटॉपसाठी. पाणी त्याच्यापासून वीतभर लांब थांबलं. ताईंनी बाहेरच्या ट्रॉलीवरचे दोन कोरडे टॉवेल तिथे टाकले होते.

असं का झालं ते सोप्या भाषेत सांगतो. बाथरूमची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा इंचभर खाली ठेवायची असते आणि तिला जाळीकडे ढाळ द्यायचा असतो, म्हणजे उतार. जाळीखाली जो खोलगट डबा असतो त्याला आम्ही नहाणी ट्रॅप म्हणतो. सगळं पाणी तिथे जायला हवं. मी लेव्हल लावून बघितली. बाथरूम खोलीपेक्षा खाली तर नव्हतंच, उलट दोन सूत वर होतं. दोन सूत म्हणजे पाव इंच. ढाळ होता, पण दाराकडे. कारण लगेच कळलं. जुनी लादी फोडायची तर आवाज, धूळ, खालच्या पाहुण्यांच्या तक्रारी. म्हणून कॉन्ट्रॅक्टरने जुन्या लादीवरच नवी लादी चिकटवली होती. दिसायला झकास. पाणी पडेपर्यंत.

मग मी ४०१ मध्ये बादली काढून शॉवर सोडला. तेच. ४०२, तेच. ज्या खोल्या मी पास केल्या होत्या त्या.

सही केली नाही तर नोकरी जाणार, हे नक्की. केली तर वऱ्हाडातली एखादी म्हातारी त्या फरशीवर घसरणार, नाहीतर कुणीतरी ओल्या पायाने त्या प्लगला चार्जर लावणार. आणि शीटवर नाव माझंच.

कॉन्ट्रॅक्टरचे किशोरभाई दोन वाजता आले. त्यांनी ओली फरशी बघितली आणि हसले.

"कौन नहाता है रे बीस मिनट?"

"पाहुणा नहाता है."

"तू बाल्टी लगा के तीन कमरे पास किया ना?"

"चुकलं माझं."

"तो ये भी चूक. सही मार, बात खतम. दाराला रबराची पट्टी लावून देतो."

"रबराने पाणी थांबत नाही भाई. लादी काढावी लागेल."

"कितवी शिकलास तू?"

"आठवी."

"मैं डिप्लोमा हूँ. मुझे स्लोप सिखाएगा?"

एरवी मी इथे मान खाली घातली असती. पण मी अजून ओला होतो, आणि ओला माणूस थोडा वेडा असतो. म्हटलं, "मग डिप्लोमावाल्याने आंघोळ करून दाखवावी. टॉवेल मी देतो."

प्रकरण मॅनेजर नाईक सरांच्या केबिनमध्ये गेलं. सर वाईट माणूस नव्हते, पण शुक्रवार त्यांच्या मानेवर बसला होता. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "प्रॉब्लेम काय आहे?"

मी सांगितला. किशोरभाईंनी रबराची पट्टी सांगितली. सर म्हणाले, "पट्टी लावा. लग्न झालं की बघू. तू सही कर."

"नाही सर."

"नाही म्हणजे?"

"सर, वर या. एक आंघोळ करा. मग म्हणाल तिथे सही करतो."

"मी आंघोळ करू? ड्युटीवर?"

"माझी ड्युटीच ती होती सर. मी केली नव्हती."

"अरे, सही ही फॉर्मॅलिटी असते."

"मग तुम्ही करा."

मी टेबलावरचं पेन उचललं आणि ४०१, ४०२, ४०३ समोरच्या माझ्या तीन सह्यांवर काट मारली. शीट इंग्रजीत होती. मला इंग्रजी लिहायला जमत नाही. मी खाली मराठीत लिहिलं, 'आंघोळ केली. पाणी पलंगाखाली आले. खोली देऊ नये.' आणि पूर्ण नाव घातलं, बापाच्या नावासकट.

सरांनी शीट वाचली. मग शांतपणे म्हणाले, "युनिफॉर्म लॉकरवर जमा कर. एजन्सीला सांगतो दुसरा माणूस पाठवायला. तो करेल सही."

मी बाहेर आलो. खरं सांगतो, पहिला विचार आला तो घरी काय सांगायचं हा. दुसरा विचार, की दुसरा माणूसही बादली ठेवेल. मी शर्टची बटणं काढायला लागलो होतो तेवढ्यात पॅसेजमधून शोभाताई येताना दिसल्या. कडक इस्त्रीची साडी आणि केस ओलेचिंब, पाठीवर सोडलेले. पन्नाशीची बाई. लॉबीतले दोन व्यापारी वळून बघत होते. ताई कुणाकडेही न बघता सरळ केबिनमध्ये शिरल्या. दार उघडंच राहिलं.

"सर, ४०३ मध्ये आंघोळ करून आले."

"शोभाताई, तुम्ही पण?"

"बाईमाणूस हाय सर, केस धुवायचे तर अर्धा तास लागतो. वऱ्हाडात पंचवीस बायका तरी असतील. सगळ्या लग्नाच्या सकाळी केस धुणार. पाणी ४०३ मधून पॅसेजच्या कार्पेटवर आलंय. लाँड्रीतून जुन्या चादरी वर मागवल्यात मी."

"कार्पेटवर?" सर उठले. ते नवं कार्पेट त्यांनी स्वतः पसंत केलं होतं.

"आणि ह्याचा युनिफॉर्म उतरवून दुसरा माणूस आणलात, त्यानं सही केली, तरी माझी सही न्हाय. हाउसकीपिंगची सही न्हाय तर खोली पास न्हाय. नियम तुमचाच हाय."

किशोरभाई म्हणाले, "बाई, तुम्ही यात पडू नका."

"पडणारच होते, घसरून. भिंतीला धरलं म्हणून उभी हाय."

सर वर गेले. मीही मागोमाग गेलो, अर्ध्या बटणांचा. सरांनी पॅसेजमध्ये पाऊल टाकलं आणि बुटाखाली कार्पेट पचकलं. ४०३ मध्ये गेले, टेबलाखाली वाकून तिथल्या प्लगपॉइंटचं झाकण बघितलं. झाकणावर पाण्याचे थेंब होते. त्यांनी स्वतः फोन करून मजल्याची विजेची लाइन बंद करायला सांगितली.

मग किशोरभाईंना म्हणाले, "लादी किती बाथरूममध्ये अशी आहे?"

"सर, सगळीकडे तीच पद्धत..."

"चौदाच्या चौदा?"

किशोरभाईंनी मान हलवली. चौदा.

वऱ्हाड शुक्रवारी आलंच. खालच्या मजल्यांवर जेवढे मावले तेवढे मावले, बाकीच्यांची सोय सरांनी हात जोडून दुसऱ्या हॉटेलात केली. नवरदेवाच्या काकांनी रिसेप्शनवर अर्धा तास आवाज चढवला. सरांनी ऐकून घेतला. चौदाही बाथरूम फोडली. दोन्ही लाद्या निघाल्या, आणि नहाणी ट्रॅप परत खाली बसवायला मीच होतो.

मला शाबासकी मिळाली नाही. मेमो मिळाला. तीन खोल्या न तपासता पास केल्याबद्दल. सर म्हणाले, "हा तू चुकलास त्याचा आहे. बरोबर केलंस त्याचा मेमो आमच्याकडे छापलेला नाही." मला पगारावर घ्यायचं सहा महिने पुढे गेलं. पण घेतलं. आज मेंटेनन्सचा सुपरवायझर मीच आहे, आणि ट्रायल स्टेच्या शीटवर एक नवी ओळ आहे: 'शॉवर वीस मिनिटे, बादलीशिवाय.' नवीन मुलं लाजतात. मी त्यांना सांगतो, या खोलीत तुम्ही नोकर म्हणून राहिलात तर तुम्हाला दोष दिसणारच नाहीत. नोकराला सगळंच चांगलं दिसतं.

शोभाताई पुढच्या वर्षी रिटायर होतायत. एवढी वर्षं त्यांनी हजारो पलंगांच्या चादरी ताणल्या, पण हॉटेलात पाहुणी म्हणून एकदाही राहिल्या नाहीत. मी ठरवलंय. आज जमणार नाही, बहिणीचं लग्न व्हायचंय. पण एक दिवस चांगल्या शहरातल्या चांगल्या हॉटेलात शोभाताईंच्या नावाने खोली बुक करणार. रजिस्टरमध्ये गेस्ट म्हणून त्यांचंच नाव असेल. त्या दोन दिवस राहतील आणि चादर कुणीतरी दुसरं ताणेल. बॅग मी उचलेन.