साडूच्या खव्याची एक रेघ

माझ्या साडूला खव्याचा धंदा मी शिकवला. अंगठ्याने दाबून खव्यात किती पाणी उरलंय ते कसं ओळखायचं, नांदगावकडचा कोणता भट्टीवाला मैदा मिसळतो, हे सगळं मी त्याला माझ्या टेम्पोत शेजारी बसवून दाखवलं. आणि तीन वर्षांत त्याने सातपूरच्या कारखान्यांना जेवण पुरवणाऱ्या किचनची ऑर्डर माझ्या हातातून काढून घेतली.

भाव पाडून घेतली असती तर मला एवढं लागलं नसतं. भावात मला हरवणाऱ्याला मी चहा पाजतो. पण त्याचा भाव माझ्यापेक्षा चढा होता. किचनच्या मॅनेजर बाईंनी मला एक चपटी प्लॅस्टिकची पट्टी दाखवली, दिवस गेलेत का हे बघायला बायका आणतात तसली.

"तुमचे साडू प्रत्येक डब्याची ही टेस्ट करून माल पाठवतात. जंतूंनी खव्यात विष सोडलंय का, ते पंधरा मिनिटांत कळतं. एक रेघ आली तर माल चांगला, दोन आल्या तर फेकायचा."

"माझे लॅबचे रिपोर्ट आहेत की, मॅडम. आजवर एकही खराब नाही."

"ते चार दिवसांनी येतात, शेठ. तोवर गुलाबजाम पोटात गेलेले असतात."

मग मीही त्या पट्ट्यांचा एक बॉक्स आणला. भावावरून विकणाऱ्याला इतकं घोळवलं की त्याने शेवटी हात जोडले. माझा माल तपासायचा नव्हता, साडूला पकडायचं होतं. त्याच्या खव्यात दोन रेघा आल्या की फोटो काढून थेट मॅडमच्या टेबलावर ठेवणार होतो.

संधी घरात चालून आली. मुलीच्या वाढदिवसाला मेहुणीने त्यांच्याकडचा खवा पाठवला. मी त्यातला तुकडा किटमधल्या औषधाच्या पाण्यात घोळायला घेतला.

"अहो, हे काय चाललंय? माझ्या बहिणीने पाठवलाय तो."

"म्हणूनच."

"मग तिच्या लग्नातला शालूपण मागवून घेते. तोही तपासा एकदा!"

एक रेघ आली. दुसऱ्या कोपऱ्यातला खवा घेतला, पुन्हा एकच. तिसरी पट्टी मी खिडकीच्या उजेडात धरली, चष्मा काढून पाहिली, घालून पाहिली. एकच. आत बायको गुलाबजाम तळायला लागली होती.

हे किटच बोगस, असं मी ठरवलं. ते सिद्ध करायला पंचवटीतल्या गोदामात जाऊन पट्टीवर माझा स्वतःचा माल टाकला.

माझी एक युक्ती होती. दुपारी तीननंतर बाजारात उरलेला, घाम सुटलेला खवा भट्टीवाल्यांना परत न्यायचा नसतो. तो मी पडेल भावात घ्यायचो, कढईत पुन्हा खमंग भाजायचो आणि सकाळच्या मालात मिसळायचो. मी याला अक्कल म्हणायचो. एवढ्या आगीतून कोणता जंतू वाचणार? लॅबचे रिपोर्ट चांगले यायचे ते त्यामुळेच.

दोन रेघा आल्या. दुसरी तर पहिलीपेक्षा गडद.

मी विकणाऱ्याला फोन लावला आणि शिव्यांनीच सुरुवात केली. "अरे, तासभर भाजलाय मी तो! जंतूचा बाप जगणार नाही त्यात."

"जंतू मेलेच असतील, काका. पण मरायच्या आधी त्यांनी जे विष सोडलं, ते भाजून जात नाही. तुमची लॅब जंतू मोजते. ही पट्टी विष बघते."

फोन आपटला. आणखी एक पट्टी लावली. तिच्यावरही दोनच.

तो सगळा माल सकाळी रविवार कारंजाजवळच्या मिठाईवाल्याकडे जायचा होता. किचन गेल्यावर माझ्याकडे उरलेलं ते एकच मोठं गिऱ्हाईक. तिथे असली टेस्ट करत नाहीत. माल दिला असता तर कुणाला कळलं नसतं. नाही दिला तर गिऱ्हाईक जाणार. घरी माझी मुलगी त्या क्षणी साडूच्या खव्याचे गुलाबजाम निर्धास्त खात असेल, हे मनात आलं आणि मी कढई उचलली. गोदामामागे खड्डा खणून खवा पुरला, कुत्री उकरू नयेत म्हणून वर चुना टाकला. मग साडूला फोन केला.

"बोला ना, दादा."

"खवा पाहिजे. सकाळी सातला, जेवढा असेल तेवढा."

"तुमच्याकडे काही झालं का?"

"चौकशी नको, साडूभाऊ. भाव सांगा."

"तुम्हाला काय भाव लावायचा, दादा? मला पडला तेवढाच द्या."

त्याने नाडलं असतं तर मी भांडलो असतो, निदान झोप तरी लागली असती. त्याने घासाघीस करायलाही काही ठेवलं नाही.

सकाळी मिठाईवाल्याने खवा चिमटीत चोळला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. "वा, शेठ! इतक्या वर्षांत असा माल दिला नव्हता तुम्ही. असाच देणार असाल तर दिवाळीही तुमचीच."

"देतो," मी म्हणालो. म्हणजे तीननंतरचा खवा आता कायमचा बंद, हे मला बोलतानाच कळलं.

"भट्टीवाला बदलला वाटतं?"

"हो."

साडूचं नाव घ्यायला हवं होतं. जिभेवर आलं नाही. अजूनही येत नाही.