बांडीचा गुडघा

मुक्ताबाई तामलवाडीच्या. साठीच्या, जिभेनं तिखट. सगळं आयुष्य शेरडांमागं गेलेलं, म्हणून आमच्या प्रयोगशाळेनं आठ उस्मानाबादी शेळ्या सांभाळायला त्यांनाच ठेवलं.

लिगामेंट, म्हणजे सांध्यात हाडाला हाड बांधणारा पट्टा, हाडापासून उपटलं की पुन्हा तिथं नीट धरत नाही. त्यासाठी मी एक जाळी बनवली होती, एका टोकाला हाडासारखी कडक, दुसऱ्या टोकाला मऊ. तिच्यावर पेशी वाढाव्यात आणि जाळी विरघळून जावी. आठही शेळ्यांच्या एकेका गुडघ्यातलं लिगामेंट सोडवून तिथं ती बसवली. "बारा आठवड्यांनी बघायचं," एवढंच मी मुक्ताबाईंना म्हणाले. कसं बघायचं ते सांगायला जीभ रेटेना. भित्री मेली मी.

मुक्ताबाईंना एकच ठाऊक : लंगडी शेळी खाटकाकडं जाते, धडधाकट घरी राहते. ठिपक्याठिपक्यांच्या कानांची बांडी सगळ्यांत जास्त लंगडायची, म्हणून तिच्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. शेक दिला, चढावर चालवलं, बाभळीच्या शेंगा हातानं भरवल्या. "चाल गं माजे माय, न्हाय तर कापतील तुला!"

अकराव्या आठवड्यात शेवटी मी बोलले. "मावशी, आठही कापायच्या आहेत. गुडघा काढून यंत्रात ताणायचा, जोड किती ताकदीचा झाला ते बघायला."

"लंगड्या कापा की! बांडी तर बरी झाली."

"बरी झाली म्हणूनच बघायचं ना, मावशी."

मुक्ताबाईंनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. "म्याच चालवली तिला, लेकी. म्याच."

ठरल्या दिवशी सकाळी त्या आमच्या प्रमुखांपुढं, रणधीर सरांपुढं, हात जोडून उभ्या. "साहेब, बांडी परत लंगडाया लागली. जाळी निसटली असंल. तुमच्या कामाची न्हाय ती, म्या घिऊन जाते."

धडधडीत खोटं. मलाही ते खरं ठरावंसं वाटत होतं.

"निसटली असेल तर खुशाल न्या," सर म्हणाले. "पण आधी चालवून बघू."

दार उघडलं. मुक्ताबाईंनी पाठ फिरवली, पदर तोंडात कोंबला, हाक म्हणून मारली नाही. बांडीला त्यांचा वास लागलाच. गोठ्याच्या पार टोकाकडून ती चारी पायांवर धावत आली आणि त्यांच्या कमरेला डोकं घासू लागली.

"वा!" सर म्हणाले. "हिलाच आधी घ्या."

मुक्ताबाईंनी तिला दोन्ही हातांनी दूर ढकललं. "लंगड की गं, मेले!"

बांडीला तो खेळ वाटला. ती वळली आणि पहिल्यापेक्षा जोरात त्यांच्याकडं धावत आली.