भाची येईपर्यंत

जर्मन सर मेलेल्या माशालासुद्धा विचारायचे, "कापू का?" शाळेच्या मुलांना आतले अवयव दाखवायला ते मासा चिरत, पण आधी बोट टेकवून थांबत. निवृत्तीनंतर ते डिंभ्याला धरणाजवळ राहायला आले; तिथे मी त्यांच्या घरी अकरा वर्षं स्वयंपाक केला. पहिल्याच दिवशी मी तोंडावर म्हणाले, तुम्ही खुळे आहात. ते म्हणाले, "बाई, त्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून तर विचारायचं."

सर ज्यू होते. नाझींच्या राज्यात आई त्यांना आणि बहिणीला घेऊन मुंबईला पळून आली. वडील मागे राहिले. नाझींनी त्यांची मान उडवली. प्रेत तिथल्या कॉलेजात विद्यार्थ्यांना कापायला दिलं होतं, हे फार उशिरा कळलं. घरच्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तरी सर त्याच विषयाचे प्रोफेसर झाले. पुण्यात डॉक्टर होणाऱ्या मुलांना त्यांनी जन्मभर माणसाचं शरीर शिकवलं. टेबलावर यायची ती बेवारशी प्रेतं. ते त्यांना बोचायचं. "मी स्वतःहून जाणार," म्हणायचे. आपल्या पुण्याच्या कॉलेजसाठी देहदानाचा फॉर्म त्यांनी भरून ठेवला होता. मला बजावलं होतं, "सहा तासांत पोचवा. नंतर मी कुणाच्या उपयोगाचा नाही."

एका सकाळी चहा घेऊन गेले तर सर गार पडलेले. शाळेच्या मास्तरांनी जर्मनीला सरांच्या भाचीला फोन लावला. ती निघते म्हणाली. तोवर दारात माणसं जमली. शेजारचे दगडूतात्या म्हणाले, "रक्ताच्या माणसानं त्वांड बघितल्याबिगर मयत हलवायचं न्हाई." मी फॉर्म दाखवला. ते म्हणाले, "कागद काय पळून जातोय व्हय?"

माझा नवरा गेला तेव्हा मुलीसाठी आम्ही थांबलो नव्हतो. ती अजून ते बोलून दाखवते. मी फॉर्म घडी करून ठेवला. धरणावरच्या मासेवाल्यांकडून बर्फ आणला आणि सरांना त्यावर ठेवलं.

भाची दुसऱ्या दिवशी दुपारी आली. कॉलेजवाल्यांनी फोनवर सांगितलं, आता घेता येणार नाही. तिचं बोलणं मास्तरांनी मला मराठीत सांगितलं. मामांनी तिलाही लिहिलं होतं, तुझ्यासाठी कुणी थांबणार नाही. ती नुसती घर आवरायला आली होती. तिनं विचारलं, कुणी थांबवलं? दगडूतात्या खाली बघत राहिले.

"मी," मी म्हणाले.

सरांना नदीकाठी पुरलं.

माझा देह मी आता त्याच कॉलेजला लिहून दिलाय. मुलीला सांगितलं, तुझ्यासाठी कुणी थांबणार नाही. ती म्हणाली, "बापाचं त्वांड बघाया मिळालं न्हाई. आता तुझं बी न्हाई?"

मी म्हणाले, "न्हाई."